बुधवारी आलेली माणसं

पोस्टमास्तर सातव्यांदा स्टुडिओबाहेर आले, तेव्हा तिने अंगठा हलवला नाही. हातातल्या मोजणीयंत्राची कळ त्यांच्यासाठी दुपारी दोन वाजता एकदा दाबून झाली होती. माणूस एकच होता. फक्त तो पुन्हा पुन्हा दिसत होता.

"बघताय काय बाई, साखर आहे मला," पोस्टमास्तर जाता जाता म्हणाले. "हे टपाल रोखून धरता येत नाही."

"जा हो तुम्ही. मी काही म्हटलं का?"

"म्हटलं नाहीत. लिहिलंत मात्र."

ते खरे होते. तिच्या मांडीवर एक कागद होता आणि त्यावर 'पोस्टमास्तर' या शब्दापुढे नुकतीच आणखी एक रेघ पडली होती. टपाल खात्यातून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षे झाली होती, पण आपल्या हालचालींची नोंद कोणी ठेवत असेल, तर ते त्यांच्या अजूनही लक्षात येत असे.

स्टुडिओच्या चौकटीवर काडेपेटीएवढा एक सेन्सर बसवलेला होता. दारातून कोणीही गेले की तो एक आकडा वाढवी आणि दिवसाच्या शेवटी बेरजेला दोनाने भागी. एक जाणे आणि एक येणे मिळून एक माणूस, एवढेच अंकगणित त्याला येत होते. डिजिटल माध्यम कला केंद्रात बुधवारच्या दुपारी परिसरातल्या वयस्कर मंडळींसाठी चित्रफिती बनवण्याचा वर्ग भरे. त्याला दर वेळी वीस-बावीस माणसे येतात, असा अहवाल या सेन्सरच्या भरवशावर तीन वर्षे जात होता. स्टुडिओत खुर्च्या सहा होत्या. सहा खुर्च्यांच्या खोलीत बावीस माणसे बसतात कशी, हा प्रश्न तीन वर्षांत कोणालाही पडला नव्हता. नव्या व्यवस्थापकाला तो दुसऱ्याच आठवड्यात पडला.

त्याने तिलाच बोलावले होते. "बाई, एक बुधवार तुम्ही हाताने मोजा. दहाच्या वर माणसं असली तर वर्ग राहील. खाली असली, तर ती खोली शाळांना द्यायची असं समितीचं म्हणणं आहे. डोळ्यांवर ते खोकं लावून समुद्राचा तळ बघायला ऐंशी मुलं रांगेत आहेत. तुम्ही लिहाल तो आकडा अंतिम."

निवड योग्य होती. केंद्राच्या दारावर येण्यापूर्वी तिने सव्वीस वर्षे पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली होती. काचेच्या बशीवर जंतूंचे ठिपके उगवत. एकेका ठिपक्याला पेनाने खूण करायची आणि डाव्या हातातली कळ दाबायची, हे तिचे काम. प्रयोगशाळा बंद झाली, ते जुने मोजणीयंत्र कोणालाच नको होते, म्हणून ते तिच्याबरोबर आले. प्रदर्शन असो, उद्घाटन असो, रविवारचा मुलांचा कार्यक्रम असो, दाराशी स्टुलावर बसून ती येणारा प्रत्येक माणूस मोजी. केंद्रात तिला सगळे टिकटिकबाई म्हणत. काही जण तोंडावरही म्हणत.

निवडीत एकच अडचण होती, आणि ती सगळ्या केंद्राला ठाऊक होती. बुधवारी येणाऱ्या माणसांपैकी एक तिचा नवरा होता.

त्याने चाळीस वर्षे कारखान्यात लेथवर काम केले होते. चार वर्षांपूर्वी झटका आला आणि उजवा हात गेला, वाचा गेली. वाचेतले दोन शब्द तेवढे शिल्लक राहिले: 'मग काय'. डॉक्टरांच्या मते असे घडते. एखादा घासून गुळगुळीत झालेला शब्द मेंदूच्या पडझडीतून वाचतो. चहा हवा का, मग काय. दुखतेय का, मग काय. धाकट्या जावयाने वर्षभराने फोन केला, त्यालाही मग काय. चमत्कार असा, की हे दोन शब्द जवळपास कुठेही चालत, आणि अनोळखी माणसाला तर दहा मिनिटे काही कळतही नसे.

स्टुडिओतल्या टेबलाच्या बरोबर वर छताला कॅमेरा पक्का केलेला होता. टेबलावर कागदाची एक खुर्ची. डाव्या हाताने ती दोन मिलिमीटर पुढे सरकवायची, पाय किंचित वळवायचे, बटण दाबून छायाचित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. बारा छायाचित्रांचा एक सेकंद. नवऱ्याचा एक बुधवार म्हणजे साधारण एक सेकंद. रिकाम्या खोलीतली एक खुर्ची उठते, चालत चालत दारापर्यंत जाते आणि बाहेर पडते, एवढीच गोष्ट होती. ती चव्वेचाळीस सेकंदांची होणार हे त्याने पहिल्याच दिवशी आलेखाच्या कागदावर आखून ठेवले होते. छत्तीस सेकंद झाले होते. शहाण्णव छायाचित्रे राहिली होती, म्हणजे आठ बुधवार. काम दुसरीकडे नेण्याची सोय नव्हती; कॅमेरा किंवा दिवा केसभर हलला, तरी पडद्यावर सगळी खोली उडी मारते.

आतून आवाज चढले. वर्गात दोन बहिणी होत्या. दोघी मिळून बटणांची एक मिरवणूक करीत होत्या.

"तुला म्हटलं होतं लाल आधी!"

"तू म्हणशील ते. लग्नातसुद्धा तूच आधी."

धाकटी तणतणत बाहेर आली आणि तिच्याजवळ उभी राहिली. "दोन मिनिटं थांबते इथे. डोकं फिरलंय."

"थांबा की."

"ही चौथीत असल्यापासून अशीच आहे हो."

दोन मिनिटांनी धाकटी आत गेली. कागदावर रेघ पडली. मग तिला वाटले, नवऱ्याच्या पाण्याच्या बाटलीचे झाकण त्याला एका हाताने उघडायचे नाही. ती उठली, आत गेली, झाकण सैल केले. त्याने वर पाहिले नाही. त्याची दोन बोटे खुर्चीच्या पाठीवर होती, आणि लेथवर पाते टेकवताना धरीत असे तसा त्याने श्वास धरला होता. ती परत आली, स्टुलावर बसली, आणि कागदावर एका नावापुढे रेघ ओढताना थबकली. तिथे आधीच सहा रेघा होत्या. ते नाव तिचे स्वतःचे होते.

आपण बुधवारी दोन-तीनदा आत डोकावतो, अशी तिची समजूत होती.

पाच वाजता वर्ग सुटला. सेन्सरने तेवीस दाखवले. तिने बेरीज मांडली: पोस्टमास्तर आठ वेळा आत गेले होते, धाकटी तीन, थोरली दोन, वर्ग शिकवणारी बाई दोन, नवरा एक, आणि ती सात. तेवीस. सेन्सर बिघडलेला नव्हता. त्याने दाराची मोजणी अचूक केली होती. प्रयोगशाळेत रोज एक कोरी बशी उघडी ठेवीत. तिच्यात उगवणारे जंतू पाण्यातले नसत, मोजणाऱ्याच्या अंगावरचे असत. तिने इथे कोरी बशी कधी ठेवलीच नव्हती.

शिकवणारी बाई कुलूप लावता लावता तिच्या खांद्यावरून डोकावली. "मावशी, मशीन काय म्हणतंय?"

"तेवीस."

"आणि तुमचा आकडा?"

"चार."

शिकवणारीने कुलूप ओढून पाहिले. "तेवीस नका लिहू, ते फारच होतं. पण बारा लिहा. बाराला कोण विचारायला येतंय?"

"कोणी नाही येणार."

"मग? काकांची शहाण्णव राहिलीत."

"मला सांगतेस?"

"तसं नाही मावशी. पण एकदा फक्त. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

प्रयोगशाळेत एकदा, नोकरीच्या सहाव्या वर्षी, साहेबांच्या सांगण्यावरून तिने एका विहिरीच्या पाण्याचा आकडा कमी लिहिला होता. कोणी आजारी पडले नाही. कोणाला कळलेही नाही. पण त्यानंतर वीस वर्षे ती प्रत्येक बशी दोनदा मोजत असे, आणि दुसऱ्या मोजणीचा पगार कोणी देत नव्हते.

नोंदपत्रकावर तिने 'उपस्थिती' या रकान्यात चार लिहिले. 'शेरा' या रकान्यात बाकीच्या एकोणीस फेऱ्यांचा हिशोब लिहिला, नावानिशी. स्वतःपुढे सात ठेवून सहीही केली, कारण बिनसहीचा आकडा कोणाचाच नसतो, असे तिला शिकवले गेले होते.

व्यवस्थापकाने दुसऱ्या दिवशी तो कागद दोनदा वाचला. माणूस चांगला होता. त्याचा चेहरा पडला.

"बाई, नुसता आकडा दिला असता तरी चाललं असतं."

"नुसता आकडा कुठून आला ते कळत नाही."

"तुम्ही स्वतःला सात वेळा धरलंय."

"सात वेळा गेले होते."

त्याने पेन खाली ठेवले. "मी विचारायलाच नको होतं."

"तसं कसं? तीन वर्षं चुकीचा अहवाल जात होता. विचारलंत ते बरोबर केलंत."

"महिनाअखेरपर्यंत चालू ठेवतो. एवढं माझ्या हातात आहे. तीन बुधवार मिळतील."

"तीनांत छत्तीस होतात."

"काय?"

"काही नाही. येते मी."

नवऱ्याला तिने संध्याकाळी भाजी निवडताना सांगितले. प्रस्तावना केली नाही. "अहो, बुधवारचा वर्ग बंद होतोय. मी खरा आकडा लिहिला. चार."

त्याने तिच्याकडे पाहिले. ती त्या दोन शब्दांची वाट पाहत राहिली. चार वर्षांत त्यांच्या तिने अकरा तऱ्हा वेगळ्या ओळखल्या होत्या, बारावी ऐकायची तिची तयारी होती. तो उठला आणि खिडकीशी जाऊन बसला. ते दोन शब्द त्या दिवशी आले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. घरात तिसऱ्या माणसाला फरक कळला नसता. तिने चहा ठेवला, तो प्यायला. तिने बटणे लावायला हात पुढे केला, तेव्हा मात्र त्याने अंग मागे घेतले आणि डाव्या हाताने स्वतःच लावत बसला. एका बटणाला चार मिनिटे लागली. ती दारात उभी राहून पाहत होती. मदत करणे आणि निघून जाणे यांपैकी काय करावे, ते तिला ठरवता येत नव्हते.

बुधवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून निघाला.

शिकवणाऱ्या बाईने तोपर्यंत तोडगा काढला होता. "काका, ऐका. शहाण्णवची गरजच नाही. पावलं मोठी टाकायची. दोनऐवजी पाच-साडेपाच मिलिमीटर. छत्तीस फोटोंत खुर्ची आरामात दाराबाहेर."

पोस्टमास्तरांनी लगेच मान डोलावली. "एक्स्प्रेस डिलिव्हरी. घ्या काका. बघणाऱ्याला काय कळतंय?"

"आमचं लाल बटण असंच पळवलं आम्ही," थोरली म्हणाली. धाकटी प्रथमच तिच्याशी सहमत झाली.

ती दारात उभी होती. या वेळी उंबरठ्याच्या बाहेर, सेन्सरच्या अलीकडे. तिने काही सुचवले नाही. नवऱ्याने मात्र, कोणी विचारले नसताना, मान वळवून तिच्याकडे पाहिले. मग खिशातून पुठ्ठ्याची एक बारीक पट्टी काढली. ही त्याची मापपट्टी. दोन मिलिमीटर रुंद, कारखान्यात वापरी त्या गेजसारखी, पहिल्या आठवड्यात त्याने एका हाताने कापून घेतलेली. ती त्याने खुर्चीच्या पुढच्या पायाला टेकवली, खुर्ची पट्टीच्या पलीकडच्या कडेपर्यंत सरकवली आणि पट्टी काढून घेतली. खुर्ची बरोबर दोन मिलिमीटर पुढे गेली होती.

"काका, पण मग ती बाहेर पडणार नाही," शिकवणारी म्हणाली.

"मग काय," तो म्हणाला, आणि बटण दाबले.

पहिल्या बुधवारी बारा झाली, दुसऱ्या बुधवारी अकरा. तिसऱ्या बुधवारी पाच वाजून गेले तरी शिकवणाऱ्या बाईने घड्याळाकडे पाहिले नाही, आणि तेरा झाली. एकूण चारशे अडुसष्ट. एकोणचाळीस सेकंद. त्यानंतरच्या सोमवारी कामगारांनी छतावरचा कॅमेरा उतरवला.

पंधरवड्याने परिसरातल्या लोकांच्या कामांचे प्रदर्शन होते. मोठ्या दालनाच्या चार भिंतींवर प्रोजेक्टर लावले होते. बटणांच्या मिरवणुकीपुढे लहान मुले बसकण मारून बसली होती, आणि दोघी बहिणी त्यांना कोणते बटण कोणाचे, ते एकाच वेळी सांगत होत्या. पोस्टमास्तरांनी तिकिटांचा एक डोंगर केला होता. नवऱ्याला शेवटची भिंत मिळाली होती. तिच्याखालच्या पाटीवर काय लिहावे, यावर शिकवणारी दोन दिवस अडली होती. 'अपूर्ण' असा शब्द तिने सुचवला, तेव्हा त्याने तो खोडला. शेवटी पाटीवर लिहिले होते: कागद, एकोणचाळीस सेकंद.

ती दारावर होती, कामावर. दुपारपर्यंत एकशे बेचाळीस माणसे झाली. बसल्या जागेवरून लोकांच्या डोक्यांवरून ती भिंत दिसे. खुर्ची उठे, जड पावलांनी खोली ओलांडी, दाराशी येई, पुढचे दोन पाय बाहेर टाकी आणि तिथेच थांबे. मग भिंत तीन सेकंद काळी होई आणि खुर्ची पुन्हा खोलीत आपल्या जागी बसलेली दिसे.

बाहेर पडताना एक बाई तिच्याजवळ रेंगाळली. "ती खुर्ची दारातच का थांबते हो? काही अर्थ असेल ना त्यात?"

"वेळ संपला."

"अच्छा," ती बाई म्हणाली, विचारात पडली आणि परत पाहायला आत गेली.

नवरा भिंतीपासून दहा-बारा फुटांवर उभा होता. बसायला बाक ठेवला होता, पण तो बसला नव्हता. इस्त्रीचा शर्ट, सगळी बटणे लागलेली, वरून तिसरे एक घर चुकून. माणसे त्याच्या आजूबाजूला येत आणि जात होती. खुर्ची दाराशी आली, दोन पाय बाहेर पडले, चित्र थांबले, भिंत काळी झाली.

त्या तीन सेकंदांत त्याच्या मांडीशी लोंबणाऱ्या डाव्या हाताची दोन बोटे जवळ आली आणि काहीतरी धरल्यासारखी किंचित पुढे सरकली. किती, ते इतक्या अंतरावरून मोजता येण्यासारखे नव्हते.