सीमारेषेवर बुडालेली कढई

मित्रांनो, मी एक जुनी कढई आहे. स्वयंपाकघरातली नव्हे, गुऱ्हाळातली. माझ्या पोटात दहा माणसे सहज बसत. सध्या माझा मुक्काम मांजरा नदीच्या तळाशी, महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सीमेवर आहे. माझा एक काठ या राज्यात पडतो, दुसरा त्या राज्यात. पाण्याखाली ही रेषा दिसत नाही. ती वर, कागदावर असते.

माझा जन्म मुदखेडला, रेल्वे स्टेशनामागच्या एका कारखान्यात झाला. लोखंडी पत्रे तापवून, ठोकून, रिबिटांनी जोडून मला घडवले गेले. तिथून मी निलंगा तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावी आले. हिवाळाभर माझ्यात उसाचा रस आटत असे. गूळ उतरला की मुले माझ्या काठाला चिकटलेली खरवड खात. तेवढेच माझे सुखाचे दिवस.

मग भूकंप झाला. आमच्या गावाच्या भिंती तडकल्या; पलीकडच्या भागात गावेच्या गावे झोपली. मला ट्रकमध्ये घालून मदत छावणीत नेले आणि माझ्यात गुळाऐवजी भात शिजू लागला. एवढ्या हादऱ्यात मी जागची हलले नव्हते, म्हणून काही बायकांनी मला हळदकुंकू वाहिले. खरे कारण एवढेच, की माझे बूड जमिनीत खोल बांधलेल्या भट्टीत बसलेले होते.

छावणी उठल्यावर मी गावी परतले. पुढे ऊस साखर कारखान्याकडे जाऊ लागला आणि गुऱ्हाळ बंद पडले. नदीवर बंधारा झाला. फुगलेल्या पाण्याखाली गावाचा तालुक्याकडे जाणारा रस्ता गेला. समोरचा तीर कर्नाटकाचा. पण लातूरची बस तिथल्या डांबरी सडकेने जात असे. तेव्हा गावाला माझी आठवण झाली. लोखंड तरंगते याचे लोकांना नवल वाटे. त्यात नवल नव्हते. माझ्या आणि माणसांच्या वजनाइतके पाणी मी बाजूला सारत होते, तोवर तरंगणारच होते. दोन्ही तीरांवर दोर बांधला गेला आणि श्रीमंत नावाचा शेतकरी त्या दोराने मला इकडून तिकडे ओढू लागला.

त्याच काळात लातूरच्या शिकवणी वर्गांची कीर्ती गावोगाव पोहोचली. ज्याला त्याला आपले लेकरू डॉक्टर झालेले दिसू लागले. श्रीमंतची पुतणी पुनम रोज माझ्यातून बसला जाई. ती भौतिकशास्त्र पाठ करत नसे. ते तिला समजे.

एकदा ती म्हणाली, "काका, हिचं बूड गोल हाय. समदे एका अंगाला सरकले, तर ही उलटंल."

"तू आधी डॉक्टर हो," श्रीमंत हसला. "मग माझ्या कढईला सुई टोच."

पुनमचे म्हणणे बरोबर होते. एका वादळी दिवशी लाट आत आली. भिजू नये म्हणून सगळे एका बाजूला सरकले आणि मी उलटले. बाकीच्यांच्या हाती दोर लागला. पुनमच्या हाती लागला नाही. तिचा देह पलीकडच्या तीरावर सापडला.

श्रीमंतला अटक होईल या भीतीने गावाने एकच जबाब दिला: पोरगी धुणे धुताना पाय घसरून पडली, इथून पाण्यातून कोणी जातच नाही. पुनमच्या आईला, धोंडाबाईला, कोणी विचारले नाही. दिरासाठी ती गप्प राहिली. पुढे गावाने पूल मागितला तेव्हा उत्तर तयारच होते: जिथून कोणी जात नाही, तिथे पूल कशाला?

मी चिखलात रुतून राहिले. माझ्यावर शिंपले वाढले.

बऱ्याच वर्षांनी वर यंत्राची नाव आली. बुडालेले घाट, देवळे आणि जुन्या होड्या यांचा नकाशा दोन्ही राज्ये मिळून करणार होती. तळावर आवाज सोडायचा, तो परतायला लागलेला वेळ मोजायचा आणि त्यावरून तळाचे चित्र काढायचे, हे सदफचे काम. ती नांदेडची. कर्नाटकाकडून गुरुपादप्पा आले होते. चित्रात मी उमटले: धातूची, अचूक गोल. राजेरजवाड्यांचे पात्र असावे, अशी बातमी दोन्ही तीरांवर पसरली. पाणबुड्यांनी मला हवेच्या पिशव्या बांधून वर आणले आणि आमच्या गावच्या उथळ पाण्यात टेकवले.

"मॅडम, मोठा भाग आमच्याकडं येतो बघा," गुरुपादप्पा म्हणाले.

"सर, अजून मी चिखलही काढलेला नाही," सदफ म्हणाली.

सरपंच बसवंत धोंडाबाईच्या कानाशी लागला. "वहिनी, चार दिवस गप ऱ्हा. पुरातन ठरलं तर लोक बघाया येतील. रस्ता व्हईल, पूलबी व्हईल."

सदफने माझा काठ घासला. रिबिटे उघडी पडली. "ही गुळाची कढई आहे. फार जुनी नाही. पण नदीच्या मधोमध कशी आली?"

"पुरानं आली असंल," बसवंत म्हणाला.

"पुरानं न्हाई." धोंडाबाई पाण्यात उतरली आणि तिने माझ्या काठावर हात ठेवला. "हिच्यात बसून माझी पुनम लातूरला शिकाया जात हुती. धुणं धुताना न्हाई मेली ती. धुण्याला कोन वह्या घेऊन जातंय का?"

मागून श्रीमंतचा आवाज आला, "हाव. दोर माझ्या हातात हुता."

सदफने विचारले, "मावशी, हे मी लिहू?"

"लिव्ह बाई. तिच्या नावानं लिव्ह."

सदफने लिहिले. पण शंभर वर्षे पाण्यात असलेल्या वस्तूच नकाशात घ्यायच्या, असा त्या मोहिमेचा नियम होता. मी पात्र होते तोवर दोन्ही राज्यांना हवी होते. कढई ठरताच गुरुपादप्पांच्या मोजणीत मी महाराष्ट्रात सरकले आणि इकडच्या साहेबांच्या मोजणीत कर्नाटकात. वर काढलेली वस्तू तपासून झाली की मूळ जागी परत ठेवावी, असाही नियम होता. म्हणून मला मोजून पुन्हा त्याच जागी सोडले गेले. सदफने पुनमची हकीकत जिल्ह्याला वेगळी कळवली, असे मी तीरावर ऐकले होते. त्याचे पुढे काय झाले, हे मला इथे कळण्याचा मार्ग नाही. पुलाचा खांब मात्र अजून तळाशी उतरलेला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे सांगून आम्ही वस्तू आपली कहाणी संपवतो. मला तसे सांगायचे नाही. मला वर काढू नका, रंग देऊन चौकात ठेवू नका. माझ्यावरून रोज एक चौकोनी सावली जाते. तो थर्माकोलचा तराफा आहे आणि त्याच्या कडेने लहान पाय पाण्यात लोंबतात. शंभर वर्षे भरण्याची वाट न पाहता त्या पायांखाली पूल बांधा. इथे माझ्याशेजारी जागा पुष्कळ आहे. ती रिकामीच राहू द्या.