ओसरीवरचा सौर दिवा

"अर्पिता, बाळंतिणीच्या खोलीत उजेड नेऊ नको. लेकराला नजर लागंल," सासूबाईंनी मला बजावलं होतं. मी ते कानाआड केलं.

पेडगावच्या पुढं आमचं गाव. दिवेलागणीलाच लाईट जाते, ती कधी येईल याचा भरवसा नाही. म्हणून बचत गटातून सौर दिवा मिळाला, तोही माझी धाकटी जाऊ त्रिवेणी हिच्या नावावर. लटकला मात्र ओसरीवर. तिथं मामंजींचे, म्हणजे मन्मथअप्पांचे, पत्ते चालतात. त्रिवेणीचा नवरा शिवकुमार त्याच दिव्यावर मोबाईल चार्ज करतो.

त्रिवेणीला माहेर उरलेलं नाही, म्हणून बाळंतपण इथंच. खिडकीला पोतं ठोकलेलं. आत भरदुपारीही माणूस माणसाला दिसू नये असा अंधार, वर शेगडीचा धूर.

त्या संध्याकाळी मी तिचं ताट घेऊन आत गेले.

"आक्का, लेकरू दूध वढंना झालंय. निसतं झोपायलंय."

मी ओसरीवर आले आणि खिळ्यावरचा दिवा काढला.

"वहिनी, चार्जिंग चालू हाय की!"

"लय शिकलेली सून आणली आपण," अप्पा गड्यांकडं बघून हसले. "डाव तरी होऊ द्या, बाई."

सासूबाई आडव्या आल्या. "उजेड कशाला? बाळंतिणीला पोथी वाचायचीय का?"

मी त्यांना बाजूला सारून आत गेले. बाळाच्या कपाळावर बोट दाबून उचललं. खालची कातडी पिवळीजर्द.

"हळद-तेलानं चोळलंय, त्याचा रंग हाय तो," सासूबाई म्हणाल्या.

मी बाळाची पापणी वर केली. "डोळ्यांत कुणी हळद लावतं का, आत्याबाई?"

शिवकुमार जीप आणायला पळाला.

परभणीत डॉक्टरांनी बाळाला निळ्या उजेडाखाली ठेवलं, अंगातलं रक्त बदललं. "एवढी कावीळ, इतके दिवस कुणी बघितलं नाही?" त्यांनी विचारलं.

"दिसलं न्हाई, साहेब," अप्पा म्हणाले.

दिसलं नाही! पत्त्यातली राणी बरोबर दिसत होती. घरात सख्खी नात पिवळी पडत होती, तिच्यासाठी उजेड नव्हता. सूर्य फुकट होता, त्यालाही पोतं लावलं. आणि याला आपण बाळंतिणीची काळजी म्हणतो!

पोरगी वाचली. पण तिच्या उशाशी मी ताटली वाजवते, ती मान वळवत नाही. कावीळ कानांच्या नसांपर्यंत गेली असंल, असं डॉक्टर म्हणतात; तपासण्या चालू आहेत. त्रिवेणी रडत नाही, नुसती माझ्या तोंडाकडं बघते.

सासूबाई अजून म्हणतात, "मी सांगितलं व्हतं, नजर लागंल म्हणून."

काल शेजारच्या मनकर्णाबाईंची लेक माहेरी बाळंत झाली. तिच्या खिडकीलाही पोतं लागलं. मी आज सकाळीच जाऊन ते ओढून काढलं. शिव्या खाल्ल्या. उद्या परत लावतील, तर मी परत जाईन.

तुमच्याही गल्लीत एखादी बाळंतीण असेल. आज दिवसाउजेडी तिच्याकडं जा. लोक काय म्हणायचं ते म्हणतील. लेकरू दारात, उन्हाच्या उजेडात मागा, आणि गोरं की सावळं हे नंतर बघा. आधी त्याचे डोळे बघा.