हुंकारापुरती जागा

आप्पासोंची बायको हरणाबाई मंगळवारी गेली. तसं काही झालेलंच नाही असं धरून आप्पासो बुधवारी सकाळी साडेसहाला लिहायला बसले. माजघरात झोपलेले पाहुणे एकेक करून ओलांडत ते सोप्यात आले, फळी मांडीवर घेतली, तिच्यावर कागद ठेवला आणि 'प्रकरण सतरावे' असं लिहून खाली रेघ ओढली.

आठ वाजेपर्यंत दीड पान झालं. मग रोजच्यासारखं ते मोठ्यानं वाचायला लागले. पहिलं वाक्य वाचून थांबले. एक हुंकार मावेल एवढंच थांबले. हुंकार आला नाही. त्यांनी वाक्य खोडलं. दुसरं वाचलं, थांबले, खोडलं. साडेआठला कागदावर 'प्रकरण सतरावे' आणि रेघ एवढंच उरलं, आणि रेघेबद्दलही त्यांची खात्री नव्हती.

पाहुणे उठून बसले होते. दुःखात माणूस काहीही वाचतो, असं त्यांना वाटलं असावं.

आप्पासोंची ही कामाची रीत बावीस वर्षांची. प्राथमिक शाळेतली मास्तरकी सोडून ते लेखक झाले, तेव्हा आष्ट्यात लेखक म्हणजे अर्ज लिहिणारा एवढंच लोकांना ठाऊक होतं. दर आठवड्याला कोणी ना कोणी पायरीशी यायचा.

"आप्पासो, विहिरीचा येक अर्ज खरडा की."

"मी अर्ज लिहीत नाही. कादंबऱ्या लिहितो."

"मग कादंबरीच लिवा, पर मामलेदाराच्या नावानं लिवा."

ते लिहीत नसत. साडेसहा ते आठ कादंबरी, आठ ते नऊ वाचन. हरणाबाई उंबऱ्याशी पाय पसरून, सूप मांडीवर घेऊन धान्य निवडायची. ते एक वाक्य वाचायचे. तिकडून "हं" आलं की वाक्य राहायचं, नाही आलं की जायचं. तिनं बावीस वर्षांत चांगलं म्हटलं नाही, वाईट म्हटलं नाही, मान वर केली नाही. कोयनेचा भूकंप झाला त्या सकाळीसुद्धा तिनं पडलेली उतरंड पुन्हा रचली आणि सूप घेऊन बसली. त्या दिवशी एका प्रेमप्रसंगातली नऊ वाक्यं राहिली.

अशा चौदा कादंबऱ्या झाल्या. साताऱ्याच्या एका टीकाकारानं 'नेमकं काय गाळावं याची दुर्मीळ जाण' असं लिहिलं, तेव्हा आप्पासोंनी ते कात्रण हरणाबाईला वाचून दाखवलं होतं. त्यातल्या एकाच वाक्याला हुंकार आला.

कोडं होतं ते कादंबऱ्यांच्या जाडीचं. एकोणसत्तर साली शेत चांगलं पिकलं, घरात सगळं बरं चाललं होतं, आणि कादंबरी भरली एकसष्ट पानं. गेल्या दुष्काळात मात्र तीनशे चाळीस पानं निघाली. सांगलीत विश्रामबागेतल्या कॉलेजात त्यांना बोलवलं होतं, तिथं त्यांनी यावर भाषण केलं. अभावातच साहित्याला बहर येतो, असं म्हणाले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ते जेवून घरी आले.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सांगलीहून, कादंबरी क्रमशः छापणाऱ्या साप्ताहिकाच्या संपादकांचं कार्ड आलं. चार ओळी सांत्वनाच्या होत्या. पाचवीत लिहिलं होतं, की प्रकरण सतरावे शनिवारपर्यंत न आल्यास मालिका बंद करून त्या जागी 'उसावरील कीड' ही लेखमाला सुरू करू, वाचकांची तशी मागणी आहे.

आप्पासोंनी कार्ड उलटं करून पाहिलं. मागं त्यांचाच पत्ता होता.

पाहुणे पांगले. मागं राहिली एकटी बनुबाई, हरणाबाईची धाकटी बहीण. दाजींच्या चुलीचं काहीतरी मार्गी लागेपर्यंत थांबते म्हणाली.

मंगळवारी आप्पासोंनी शेजारच्या नाथाजींना बोलावलं. नाथाजी पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले. उंबऱ्याशी बसायला सांगितलं तर गुडघ्यावर हात ठेवून ताठ बसले.

"मी वाचतो. तुम्ही हं म्हणायचं."

"हं."

त्यांनी प्रत्येक वाक्याला हं म्हटलं. स्वल्पविरामाला म्हटलं. 'पान चार' याला म्हटलं. प्रकरण अकरा पानांचं झालं आणि त्यात नायक चार वेळा चहा प्याला.

"नाथाजी, असं नाही. आवडलं तरच हं म्हणा."

नाथाजी गोंधळले.

"आवडलं का न्हाई, ते मला कोन सांगनार?"

आप्पासोंनी त्यांना चहा दिला. तो पाचवा.

बुधवारी ते पिशवी घेऊन रेशनला गेले. रसूलनं कार्ड उघडलं, दोन नावांवरून बोट फिरवलं आणि दुसऱ्यावर थांबवलं.

"भाभींचं नाव कमी कराया लागतंय, आप्पासो. अर्ज द्या. चार वळी."

"मी अर्ज लिहीत नाही."

"दुसऱ्याचा न्हाई ओ. ह्यो तुमचाच हाय."

आप्पासोंनी पिशवीचं तोंड उघडून पुढं धरलं. रसूलनं दोन माणसांची मिलो, ती रेशनची लाल ज्वारी, मापून पिशवीत ओतली.

"ह्या म्हैन्याला देतो. फुडच्या म्हैन्याला साहेब इचारंल." पिशवीचं तोंड वळताना तो म्हणाला, "निवडून घ्या बरं. ज्वारी अमेरिकेची हाय म्हनत्यात, खडं मातूर आपल्या हितलंच दिसत्यात."

शुक्रवारी सकाळी आप्पासोंनी सतरावं प्रकरण पुन्हा लिहिलं. आठ वाजता वाचायला लागले ते कुणासाठी नव्हे, आठ वाजले होते म्हणून. नायक जिन्याशी येतो. वाक्य संपलं. ते थांबले.

"हं," उंबऱ्याशी आवाज झाला.

आप्पासोंनी मान वर केली नाही. वाक्य ठेवलं. पुढचं वाचलं, थांबले, काही आलं नाही, खोडलं. त्याच्या पुढच्याला आलं. बनुबाई पाय पसरून, सूप घेऊन बसली होती. ते त्यांना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं आणि तेवढंच त्यांना पाहायचं होतं. अर्धं पान राहिलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. घसा कोरडा पडला म्हणून तांब्या उचलला आणि पाणी प्यायले.

"हं," बनुबाई म्हणाली.

आप्पासोंनी तांब्या खाली ठेवला.

"बनू, आत्ता मी काय वाचलं?"

"काय न्हाई की. पानी पीत हुता."

"मग हं कशाला म्हणालीस?"

"खडा घावला."

तिनं खडा शेजारच्या पितळी वाटीत टाकला. टिक असा आवाज झाला. हा आवाज आप्पासोंनी बावीस वर्षं ऐकला होता आणि कधीच ऐकला नव्हता.

"खडा सापडला की हं म्हणायचं?"

"आमची आई म्हनायची. अक्काचीबी तीच सवय. हं म्हटलं की त्यो खडा सपला, हात फुडं सरकतो." तिनं सूप हलवलं. "का ओ दाजी?"

"काही नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं. "हरणा ऐकत नव्हती?"

"ऐकायची की. मधनंमधनं." बनुबाईला आणखी एक खडा सापडला. "हं. म्हनायची, ह्येंचं वाचनं चालू आसलं की खडा लय बरा घावतो. तुमी गावाला गेला की तिला धान्य निवडाया हुयाचं न्हाई. तसंच दळाया न्यायची. मग भाकरी कचाकचा लागायची."

आप्पासो उठून फडताळाशी गेले. चौदा कादंबऱ्या ओळीनं उभ्या होत्या. दुष्काळातली त्यांनी बाहेर काढली, तळहातावर तोलली आणि जागेवर ठेवली. तीनशे चाळीस पानांची मिलो. एकसष्ट पानांच्या कादंबरीला त्यांनी नुसतं बोट लावलं. त्या साली भावानं रानातला शाळू पाठवला होता, दोनदा पाखडून, चाळून.

मग ते परत येऊन बसले आणि जिथं थांबले होते तिथून पुढं वाचायला लागले. बनुबाईनं सुपातला शेवटचा खडा वाटीत टाकला तिथं सतरावं प्रकरण संपलं. नायक जिन्याच्या मधल्या पायरीवर राहिला. दुपारच्या गाडीच्या कंडक्टरकडं पाकीट दिलं. उसावरची कीड पुढच्या आठवड्यावर गेली.

रविवारी बनुबाई गावाकडं निघाली. चुलीशेजारी भरलेला डबा दाखवत म्हणाली, "सगळी मिलो निवडून ठिवलीया, दाजी. आता म्हैनाभर बघाया नको. येक खडा न्हाई ऱ्हाऊ दिला."

"बरं," आप्पासो म्हणाले.

"वाटीतलं खडं परड्यात टाकलं."

"बरं."

तिला गाडीत बसवून ते घरी आले. घरामागच्या परड्याच्या दारात उभे राहिले. चिखल होता आणि चिखलात खडे होते. पण परड्याचेच खडे पुष्कळ होते, त्यातून ते कसे ओळखणार. त्यांनी दार ओढून घेतलं.

सोमवारी साडेसहाला त्यांनी फळी मांडीवर घेतली. 'प्रकरण अठरावे' लिहिलं नाही. आठला त्यांनी लिहिलेलं मोठ्यानं वाचून काढलं, उंबऱ्याकडं तोंड करून. प्रत्येक वाक्यानंतर एक हुंकार मावेल एवढे थांबले. हुंकार आला नाही. या वेळी त्यांनी काहीच खोडलं नाही. कागदाची घडी घातली आणि इस्लामपूरची गाडी धरली.

मेहेरबान पुरवठा निरीक्षक साहेब, तालुका वाळवा, यांचे सेवेशी.

विषय : शिधापत्रिकेवरील नाव कमी करणेबाबत.

अर्ज करतो ऐसा जे, अर्जदाराची पत्नी हरणाबाई ही दिनांक १७ जुलै १९७३, मंगळवार रोजी मयत झाली आहे. तिचे नाव शिधापत्रिकेवरून कमी करण्यास व तिच्या वाट्याचे धान्य बंद करण्यास अर्जदाराची हरकत नाही. मात्र सदर धान्यातील खडे अर्जदारास पूर्वीप्रमाणे दरमहा मिळत राहावेत, ही नम्र विनंती.