आकडा खाली आला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना वेगमापक आहे. मोबाइलवर इंटरनेट किती वेगाने धावतं ते मोजायचं, हे माझं सरकारी काम. नीट तपासून, मोहोर लावून मला दूरसंचार खात्यातल्या प्रभाकर साहेबांच्या हाती दिलं. त्यांच्या गाडीतून वर्तकनगरच्या वसाहती फिरलो, कल्याणचा घाऊक बाजार फिरलो. जाहिरात काहीही म्हणो, मी मोजलं तेवढंच सांगितलं. समोर राजा बसला म्हणून कीर्तनकार अभंग बदलतो का? तसंच माझं.

एकदा शहाडहून करिश्माची तक्रार आली. ती घरून फोनवर ग्राहकांची कामं करायची आणि रोज संध्याकाळी नेट तुटायचं. आणखी एकदा तुटलं तर नोकरी जाणार होती.

आम्ही सातला पोचलो. देवळापुढे सगळी आळी शांत उभी. साहेबांनी मला सुरू केलं. आकडा आला साठ!

"करिश्माताई, नेट तर पळतंय हो. तक्रार बंद करावी लागेल."

तिचा चेहरा उतरला. "साहेब, रोज या वेळी नुसतं चाक फिरत बसतं. आजच कसं काय?"

तेवढ्यात कीर्तन करणाऱ्या विमलाबाई ऐटीत पुढे आल्या. "तुमच्या यंत्राला व्यत्यय नको, म्हणून मीच सगळ्यांना मोबाइल बंद करायला लावलेत. कीर्तनात लावते तसेच!"

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, मांडव रिकामा करून गर्दी मोजतं का कोणी? रोजच्यासारखं वापरा!"

"ऐकलंत ना? काढा रे मोबाइल! धोंडीबा, तुमचाही."

"माझा चालूच आहे, बाई. कीर्तनातपण असतो."

हशा पिकला. हातोहाती मोबाइलवर मालिका, गाणी, क्रिकेट सुरू झालं. मी मोजत होतो. चाळीस, बारा, एक.

"एक आला!" करिश्मा ओरडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्याशा आकड्याला टाळ्या मिळालेला वेगमापक मीच असेन!

अहवालाची प्रत तिने ऑफिसला पाठवली. चूक तिची नाही हे त्यांना पटलं, नोकरी राहिली. दीड महिन्यात कंपनीनं टॉवरची क्षमताही वाढवली.

आता नवी यंत्रं आली, मी कपाटात असतो. खंत नाही. एवढंच मागणं आहे, की त्या नव्यांना धूळ खाऊ देऊ नका, दरवर्षी तपासून घ्या. बिघडलेलं यंत्र खोटं बोलतं आणि त्याचं त्यालाही कळत नाही. मी खरं बोलू शकलो, कारण साहेबांनी माझी तपासणी कधी चुकवली नाही. मित्रांनो, त्या आकड्याकडे डोळे लावून कोणीतरी उभं असतं.