पॅनलमागची भिंत

भिंतीला कान असतात, असं तुम्हीच म्हणता ना? मग आज तिला तोंडही आहे असं समजा आणि थोडं ऐकून घ्या. मी हिंगणघाटातल्या एका घराची भिंत. पुढच्या खोलीतली, वणा नदीच्या अंगाची. सध्या माझ्या अंगावर छातीपर्यंत प्लास्टर नाही, नुसत्या विटा दिसतात. येणारा-जाणारा विचारतो, "काय झालं जी हे?" काय झालं ते घरातल्यांपेक्षा मला जास्त ठाऊक आहे, कारण ते माझ्याच पोटात झालं.

माझा जन्म चाळीस वर्षांपूर्वीचा. हे घर बाबारावांनी बांधलं. ते कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. नदीकाठच्या भट्टीतल्या विटा आल्या आणि तानबा नावाच्या जवान गवंड्यानं मला ओळंबा लावून सरळ उभं केलं. पुढे पंधरा दिवस बाबाराव सकाळ-संध्याकाळ माझ्यावर बादलीनं पाणी मारायचे. नवी भिंत पाणी प्यायल्याशिवाय पक्की होत नाही. मीही घटाघटा प्यायची. तेव्हा पाणी मला फार आवडायचं.

दिवस मजेत गेले. जेवण झालं की बाबाराव मला पाठ टेकून बसायचे. त्यांच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग माझ्यावर पडला होता. दिवाळीला रंग दिला तरी होळीपर्यंत तो पुन्हा वर यायचा. माणसांची एक खोड मी तेव्हापासून पाहते. नवं कॅलेंडर आणतील, पण जुनं काढणार नाहीत. त्याच खिळ्यावर, एकावर एक. एकदा तर सात वर्षं माझ्या एका खिळ्याला लटकत होती. जुनं काढायचे कष्ट नकोत, वरून झाकलं की झालं! मला हसू यायचं.

माझा खरा मान भाद्रपदात. आमच्याकडे तीन दिवस महालक्ष्म्या बसतात. दोन बहिणी, माहेरी आलेल्या लेकीच त्या. त्यांचे मुखवटे, साड्या, पुढ्यात फराळाची ताटं, सोळा भाज्या, आंबील, पुरणाचे दिवे. आणि हे सगळं माझ्याच पुढे मांडायचं. एकदा ठरलेली जागा बदलायची नाही, असा या घरचा नेम. मी मनात फुगायची, खोटं कशाला बोलू!

बाबारावांचा मुलगा कृष्णकांत तहसील कचेरीत बाबू आहे. माणूस गाईसारखा गरीब. काहीही विचारा, "पाहू न नंतर" हे उत्तर ठरलेलं. त्याची बायको यशोदा मात्र तडफदार, एकदा पदर खोचला की कोणाच्या बापाचं ऐकायची नाही. त्यांना एकच लेक, ईरा, यंदा चौथीत गेली. ईराची खाट मला लागून. पोट्टी उताणी पडून दोन्ही पाय माझ्या अंगावर चढवायची आणि पाढे म्हणायची. तेराच्या पाढ्याला रोज अडकायची. मला ते पाय फार प्यारे होते.

दोन वर्षांपूर्वी ऐन भाद्रपदात बाबाराव वारले. सुतक आलं, महालक्ष्म्या बसल्या नाहीत. यशोदाच्या मनाला ते लागून राहिलं. शेजारणींनी भर घातली, "एक साल खंड पडला ठीक हाय, दोन साल नको पडू देजो बाप्पा."

मग मागच्या श्रावणात पूर आला. तीन दिवस पावसानं उसंत दिली नव्हती. दुपारी पाणी अंगणात होतं, चार वाजता उंबऱ्यावर, आणि दिवेलागणीला खिडकीच्या चौकटीला टेकलं. कृष्णकांतनं ईराला खांद्यावर घेतलं, यशोदानं मुखवट्यांचं गाठोडं डोक्यावर, आणि तिघं शाळेच्या माडीवर गेले. मी कुठे जाणार? दीड दिवस त्या गढूळ पाण्यात उभी राहिले. पाणी पीत राहिले. नको असतानाही पीत राहिले.

पाणी उतरलं तेव्हा घरात घोटाभर गाळ होता. गल्लीतली माणसं फावडी घेऊन धावली. आमची माणसं भांडतील, पण अशा वेळी हाकेला येतात, हे मी सांगेन. गाळ उपसला, फिनाइल टाकलं, गाद्या उन्हात टाकल्या. फरशी चकचकीत झाली. सगळ्यांना वाटलं, पूर गेला. तो माझ्या विटाविटांत बसला होता, पण विचारतं कोण?

विचारलं एकट्या तानबानं. आता म्हातारा झालाय, तरी त्यालाच बोलावलं होतं. त्यानं मला थापीच्या दांड्यानं ठोकलं, मग तळहात लावला, आणि मान हलवली.

"वैनी, हिचं पोट ओलं हाय अजून. छातीपर्यंत प्लास्टर झाडून टाकू, विटा मोकळ्या ठेवू. खिडक्या उघड्या ठेवजा. उन्हाळा जाऊ द्या, मंग पाहू."

"उन्हाळा? अन् लक्ष्म्या कुठं बसवू? पाच हप्ते राह्यले फक्त."

"मधल्या खोलीत बसवा न या साली."

"जागा नाई बदलत त्यायची, तानबाभाऊ. मागच्या साली सुतकात गेलं. आता उघड्या विटायपुढं बसवू का माहेरवाशिणीले? लोकं काय म्हणतीन?"

"लोकायचं जाऊ द्या. वरून लेप मारला, तर आतलं पाणी जाईन कुठं?"

यशोदाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून कृष्णकांत नेहमीचंच बोलला, "करून टाक तानबा. नंतर पाहू न."

तानबानं केलं. काय करेल बिचारा! सिमेंटचं नवं प्लास्टर, त्यावर पुट्टी, त्यावर चकचकीत गुलाबी रंग. शेवटचा हात मारून त्यानं थापी धुतली आणि माझ्याकडे न पाहताच गेला.

महालक्ष्म्या थाटात बसल्या. ईरा ताट-चमचा वाजवत त्यांच्यापुढे चालली. बायकांनी रंगाचं कौतुक केलं. यशोदाच्या चेहऱ्यावर वर्षभरानं उजेड आला होता, म्हणून मीही गप्प बसले. बसले नसते तरी काय करणार होते, म्हणा!

दिवाळीच्या आधीच रंगाला फोड आले. पोपडे निघाले, पांढरा खार फुटला, खोलीला कुबट वास सुटला. ते माझं बोलणं होतं. मला आणखी कसं बोलता येणार? कृष्णकांतनं दोन दिवस पोपडे पाहिले आणि तिसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या पट्ट्यांचं पॅनल आणलं, संगमरवरासारखं दिसणारं. दोन कारागिरांनी एका दुपारीत मला जमिनीपासून छतापर्यंत झाकून टाकलं. "वा! घर कसं नवंकोरं दिसून राह्यलं," असं पाहुणे म्हणाले. त्या खिळ्यावरच्या कॅलेंडरांसारखंच झालं, फक्त या वेळी झाकली ती मी.

पॅनलमागे अंधार, ओल आणि कोंडलेली हवा. बुरशीला आणखी काय पाहिजे! आधी हिरवट ठिपके आले, मग काळे, मग काळं मखमली अस्तरच माझ्या अंगावर पसरलं. फटींमधून त्याची भुकटी खोलीत झिरपायची, आणि फटींच्या अलीकडे ईराची उशी होती.

थंडीत ईरा खोकायला लागली. यशोदानं हळदीचं दूध दिलं, अडुळसा दिला, दृष्ट काढली. खोकला हलेना म्हणून दवाखान्यात नेलं. परत आल्यावर ती कृष्णकांतला म्हणाली, "डॉक्टर पुसत होते, घरात ओल हाय का म्हणून. मी म्हटलं, नाई जी, आमच्या घरी तं पॅनल हाय."

अगं माझे आई! मी तिच्यापासून दीड हातावर होते. ओरडून ओरडून सांगत होते, इकडे बघ, एक पट्टी तर उचल! पण भिंतीचं ओरडणं कोणाला ऐकू येतं?

मला आशा होती ती उन्हाळ्याची. आमच्याकडचा मे महिना म्हणजे नुसती आग. पापड दोन घटकांत वाळतात. त्या झळांनी माझी हाडं वाळली असती. पण उन्हाळा लागला तसा घराघरात निघतो तो कूलर निघाला. खिडकीत बसला आणि दिवसभर ओला वारा थेट पॅनलवर सोडायला लागला. दारं-खिडक्या बंद, पडदे ओढलेले. बाहेर सगळं हिंगणघाट भाजत होतं आणि मी आत भिजत होते. ईराच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. पाढे म्हणताना ती सातच्या पुढे थांबायची, धाप लागली म्हणून.

आषाढातल्या एका सकाळी तिला श्वासच घेता येईना. ओठ निळे पडले. "आई... आई..." एवढंच म्हणायची, तेही अर्धं. शेजाऱ्यांच्या गाडीतून तिला वर्ध्याला नेलं. आठ दिवस खाट रिकामी होती. त्या आठ दिवसांत माझ्या मनात काय काय येऊन गेलं, ते सांगवत नाही. मी तिला मारून टाकलं, असंच मला वाटत होतं.

ती वाचली. डॉक्टरांनी हवापालट सांगितली म्हणून तिला आंजीला मामाकडे ठेवलं. तिथे पंधरा दिवसांत पोट्टी शेतात पळायला लागली. यशोदा आनंदानं तिला घरी घेऊन आली, आणि तिसऱ्याच दिवशी ती शिट्टी पुन्हा सुरू झाली.

त्या दुपारी यशोदा ईराच्या छातीला कान लावून बसली होती. मग तिनं मान वर केली, हवेचा वास घेतला आणि हळूच पॅनलकडे पाहिलं. स्वयंपाकघरातून उलथणं आणलं, फटीत घातलं आणि सगळा जोर लावला. पट्टी कडकन निघाली. दुसरी काढली, तिसरी काढली. समोर मी होते, जमिनीपासून तिच्या गळ्यापर्यंत काळीकुट्ट.

तिनं पोरीला तोंडावर पदर धरून आधी बाहेर ओट्यावर नेलं. मग परत आली आणि माझ्यासमोर बसली. "मीनंच झाकलं," म्हणाली. "माह्याच हातानं झाकलं मी हे." कृष्णकांत कचेरीतून आला, दारातच उभा राहिला. या वेळी "नंतर पाहू" नाही; पुढे होऊन उरलेल्या पट्ट्या त्यानंच उपटल्या.

ईरा त्याच दिवशी आंजीला परत गेली. तिचं नावही तिकडच्या शाळेत घातलं. तानबा आला, हातोडीनं छातीपर्यंतचं प्लास्टर झाडलं, वरचं काळं खरवडून तिथे चुना मारला.

"तुमी तेव्हाच सांगतलं होतं, तानबाभाऊ," यशोदा म्हणाली.

"सांगतलं होतं, वैनी. पण थापी तं माह्याच हातात होती न." म्हातारा तेवढं बोलला आणि चहा न घेताच गेला.

आता पुन्हा भाद्रपद आलाय. हवा अशी दमट की मिठाला पाणी सुटतं. मी उघडी आहे, खिडक्या उघड्या आहेत, दिवसभर पंखा माझ्यावर फिरतो. रोज सकाळी उठल्याबरोबर यशोदा माझ्यावर तळहात ठेवते. देवाला नमस्कार नंतर, आधी मी. रोज मी गार लागते.

आज महालक्ष्म्या आल्या. यशोदानं या साली त्यांना मधल्या खोलीत बसवलं. कोणी काही बोललं नाही. पाच पावलांचं अंतर आहे हो, मी मोजलंय. मागच्या वर्षी एवढी पाच पावलं जड झाली होती.

बायका गोळा झाल्या. लक्ष्म्यांना उंबऱ्यावरून आत आणताना कोणीतरी म्हणालं, "लेकी घरी आल्या बाई!" तेवढ्यात आंजीहून फोन वाजला. यशोदा फोन घेऊन माझ्याजवळ आली. ईराचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. आता तिला धाप लागत नाही.

"आई, लक्ष्म्या आल्या?"

"आल्या बेटा."

"भिंत वाळली का वं?"

यशोदानं दुसरा हात माझ्यावर ठेवला. मी जीव तोडून वाळायला बघत होते, खरं सांगते. तिला 'वाळली' म्हणता आलं असतं. तिथे तिला अडवणारं कोणी नव्हतं, आणि पोट्टी तासाभरात गाडीनं आली असती.

"नाई बेटा," ती म्हणाली. "ओली हाय अजून."

"मंग मी नाई येऊ?"

"नको येऊ."

फोन बंद झाला. आत आरती सुरू झाली, बायका यशोदाला हाका मारताहेत. ती अजून इथेच उभी आहे, कपाळ माझ्या विटांना टेकवून. यशोदा, रड, पण खिडकी लावून घेऊ नकोस. मी घाई करतेय गं. माझ्याच्यानं याहून लवकर होत नाही.