खाडीतली सावी

तनुजा आणि मधुवंती चाकणच्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागल्या तेव्हा दोघी बाविशीच्या होत्या. तनुजा चिखलीतल्या जुन्या शेतकरी घरातली, मधुवंती संत तुकाराम नगरमधल्या एका शिक्षकांची मुलगी. क्वालिटीच्या एकाच टेबलावर दोघी दिवसभर गिअरचे दाते मोजायच्या. पहिली शिफ्ट साडेतीनला सुटायची. तनुजा आपल्या थांब्यावर न उतरता कंपनीच्या बसने मधुवंतीबरोबर तशीच पुढे जायची, कारण मधुवंतीकडे कॉम्प्युटर होता आणि त्यावर एक गेम होता.

भुयारं, पडके किल्ले, अंगावर धावून येणारे राक्षस, आणि त्यांच्याशी लढत मोठा होत जाणारा आपला एक योद्धा, असा तो गेम. दोघींचं खातं एकच होतं. योद्धाही एकच, धनुष्य घेतलेली एक बाई. तिचं नाव त्यांनी सावी ठेवलं होतं. माऊस मधुवंतीच्या हातात असायचा, म्हणजे चालणं आणि बाण तिच्याकडे. कीबोर्ड तनुजाकडे, म्हणजे उडी, ढाल आणि जखम झाली की औषधाची बाटली. अशी एका बाईला दोघी मिळून खेळवायच्या.

तनुजाला सातच्या आत घरी पोचावं लागे. हातात जेमतेम दोन तास. म्हणून मधुवंतीने एक पद्धत बसवली होती.

"दिसलं ते उचलायचं नाही," ती सांगायची. "पांढऱ्या अक्षरातलं साधं सामान तर नाहीच. आधी पळायचे बूट मिळवायचे. पॉइंट सगळे एकाच विद्येत घालायचे, चार ठिकाणी वाटायचे नाहीत. आणि ज्याच्याशी लढायची गरज नाही, त्याच्या बाजूने निघून जायचं."

मधुवंतीची आई, चारुलताकाकू, थालीपिठाची ताटली आणून दोघींच्या मधे ठेवायची आणि विचारायची, "सावी जेवली का?"

तीन वर्षं हे चाललं. मग तनुजाचं लग्न झालं. मोशीच्या रोहिदासच्या घरात ती आली. त्याचा टेम्पोंचा धंदा होता, घर खाऊन पिऊन सुखी होतं. मधुवंती बेंगळुरूला गेली. आधी रोज फोन व्हायचे, मग आठवड्याला, मग वाढदिवसाला. सहा वर्षांपूर्वी मधुवंतीचा मेसेज आला, 'आई गेली.' तनुजाची मुलगी दीक्षा तेव्हा तीन आठवड्यांची होती. अंगात ताप होता. मेसेजवर काय लिहावं तिला सुचेना. प्रत्यक्ष जाऊनच भेटू, असं तिने ठरवलं आणि ते राहून गेलं. महिना झाला, मग सहा महिने. मग इतक्या उशिरा कोणत्या तोंडाने जायचं, असं वाटायला लागलं. पुढे फोन बदलला, नंबर हरवला.

दीक्षा शाळेत जायला लागल्यावर तनुजा पुन्हा चाकणला कामावर लागली. कंपनी वेगळी, काम तेच. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एका दुपारी बसमध्ये तिच्या मोबाइलवर ई-मेल आला. दोघींनी मिळून काढलेला ई-मेलचा जुना पत्ता तिने नव्या फोनमध्येही ठेवला होता. गेमचा नवा भाग आला होता. खाऱ्या खाडीचा अख्खा नवा मुलुख आणि सगळं पहिल्यापासून सुरू करायची सोय.

घराच्या खालच्या मजल्यावर रोहिदासचं ऑफिस होतं. दुपारी तो गाड्यांमागे बाहेर असे. दीक्षाची शिकवणी सहाला सुटायची. तनुजाने कॉम्प्युटरवर गेम उतरवून घेतला आणि पासवर्ड टाकला. दोघींच्या जुन्या एम्प्लॉयी नंबरांचे शेवटचे आकडे. तो चालला.

नवा भाग खात्यावर आधीच घेतलेला होता. आणि खाडीच्या पहिल्याच किनाऱ्यावर एक धनुर्धारी बाई उभी होती. नाव सावी, लेव्हल चार. अकरा वेळा मेलेली. कमरेच्या पट्ट्यातल्या औषधाच्या बाटल्या मात्र गच्च भरलेल्या होत्या.

तनुजा बघत राहिली. बाण नेमके लागले होते, राक्षस पडले होते, फक्त बाटलीचं बटण दाबायला कोणी नव्हतं.

तेव्हाच बंद करून उठावं, असं तिला वाटलं. दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं झालं. पण खातं तर तिचंही होतं. तिने माऊस हातात घेतला. बाण चिखलात जाऊ लागले, सावी झाडाला अडकू लागली. पण मेली नाही. तनुजाने तिला पळायचे बूट मिळवून दिले, पॉइंट सगळे धनुष्यात घातले, पांढऱ्या अक्षरातलं काहीही उचललं नाही. दोन दुपारी मिळून लेव्हल नऊ झाली आणि कोळ्यांचं दुसरं गाव आलं.

तिसऱ्या दिवशी कामावरून येऊन पाहते तर लेव्हल बारा.

त्यानंतर दुपारी साडेतीन कधी वाजतात याची ती वाट बघू लागली. एक दिवस ती खेळायची, दुसऱ्या दिवशी सावी थोडी पुढे गेलेली असायची. एकदा नवं धनुष्य हातात होतं. एकदा बाटल्यांचा क्रम बदललेला होता, तनुजा पूर्वी लावायची तसा. तरी मनात शंका होतीच. मधुवंतीने खातं कोणाला देऊन टाकलं असेल, किंवा तिचा भाऊ अर्णव खेळत असेल.

एका शनिवारी ती खेळत असतानाच पडदा काळा झाला. 'या खात्यावर दुसऱ्या ठिकाणाहून प्रवेश झाला आहे.' तनुजा पुन्हा आत गेली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली. या क्षणी कुठल्यातरी शहरात, कुठल्यातरी खोलीत मधुवंती खुर्चीत बसलेली होती, हे तिला कळत होतं. खोली कशी असेल, खिडकी कुठल्या बाजूला असेल, याचा ती विचार करत राहिली.

सासूबाई, मंजुळाबाई, दारात येऊन म्हणाल्या, "काय गं, बंद पडलं व्हय?"

"नाही, चालू आहे," तनुजा म्हणाली.

सोमवारी तिने सावीची सामानाची पेटी उघडली. पेटीतल्या कप्प्यांना नावं देता येत. त्यातल्या एकाचं नाव रोमन अक्षरांत बदललेलं होतं. 'सावी जेवली का.'

तनुजाला हुंदका आवरेना. तिने ऑफिसचं दार लोटून घेतलं. बऱ्याच वेळाने शेजारच्या कप्प्याला तिने नाव दिलं, 'जेवली. तू?'

उत्तर आलं, 'हो.'

एवढंच. आपण आणखी काहीतरी द्यायला हवं, असं तनुजाला वाटू लागलं, आणि देण्यासारखं तिच्याकडे एकच होतं, सावीला पुढे नेणं. बसमध्ये येता-जाता ती खाडीबद्दल वाचू लागली. कोणती कामं केली की कायमचे पॉइंट मिळतात, कोणती सोडली तरी चालतात, कोणत्या दलदलीतून जवळची वाट आहे. आठवड्याभरात तिने सावीला चाळीसच्या पुढे नेलं.

मग कप्प्यावर नाव आलं, 'थोडं हळू.'

तिला ते लागलं. आपण आगाऊपणा केला, तिचा खेळ आपणच खेळून टाकला, असं मनात येऊन तिने पाच दिवस गेम उघडला नाही. सहाव्या दिवशी राहवलं नाही. सावी जिथे सोडली होती तिथेच होती, दलदलीतल्या लाकडी पुलावर. मधुवंतीनेही तिला हलवलं नव्हतं. कप्प्याचं नाव बदललं होतं. 'संपलं की मग?'

तनुजाने त्या तीन शब्दांकडे पुष्कळ वेळ पाहिलं. त्या दिवशी तिने सावीला पुलाच्या टोकापर्यंत नुसतं चालवलं आणि बंद केलं.

तरी महिन्याभरात खाडी संपतच आली. शेवटी दगडी दरवाजा होता आणि आत खाडीची राणी. तिच्यापुढे एकट्या तनुजाचा नेम पुरेना आणि एकट्या मधुवंतीची ढाल वेळेवर उचलली जाईना. मेल्याचा आकडा रोज वाढत होता. शेवटी तनुजाने लिहिलं, 'कुठे आहेस?'

दोन दिवस काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी होतं, 'पिंपळे सौदागर. सी ७०४.' आणि खालच्या कप्प्यावर सोसायटीचं नाव.

तनुजा खुर्चीत मागे टेकली. मधुवंती बेंगळुरूत असेल, असं ती समजत होती, कधी कधी परदेशातही. मोशीपासून स्कूटरवर अर्धा-पाऊण तास.

रविवारी जेवणं आटोपल्यावर तिने दीक्षाला सासूबाईंकडे ठेवलं आणि निघाली. दार मधुवंतीनेच उघडलं. केस कापलेले, चष्मा आलेला. दोघी दारातच उभ्या राहिल्या.

"ये," मधुवंती म्हणाली.

आत तिचे वडील, शरच्चंद्रकाका, पेपर वाचत बसले होते. त्यांनी तनुजाला लगेच ओळखलं, घरच्यांची विचारपूस केली आणि आपल्या खोलीत निघून गेले. दोन वर्षांपूर्वी वडिलांसाठी आपण परत आलो, काम घरूनच करते, असं मधुवंतीने सांगितलं. मग तिने चहा आणला. भिंतीवर काकूंचा फोटो होता.

"काकू गेल्या तेव्हा मी यायला हवं होतं," तनुजा म्हणाली.

"हो," मधुवंती म्हणाली. "हवं होतंस." चहाचा कप ती टेबलावर फिरवत राहिली. "मी वाट बघितली. तेराव्यापर्यंत तर रोज. बेल वाजली की वाटायचं तूच असशील."

तनुजाकडे सांगायला ताप होता, तान्हं बाळ होतं. पण त्यातलं तिने काहीच सांगितलं नाही. "माझं चुकलं," एवढंच म्हणाली.

मधुवंतीने मान हलवली. मग उठून तिने दुसरी खुर्ची कॉम्प्युटरजवळ ओढली.

दरवाजा उघडला, राणी पाण्यातून वर आली, आणि सावी पहिल्या मिनिटातच मेली. पुन्हा मेली. दोघींना एकएकटीने खेळायची सवय झाली होती. मधुवंतीचा डावा हात बाटलीच्या बटणावर जायचा आणि तिथे तनुजाचं बोट आधीच असायचं. तनुजा माऊसकडे हात न्यायची आणि अर्ध्यावरून मागे घ्यायची. एकाच जखमेवर दोन बाटल्या संपत, आणि खरी गरज पडे तेव्हा पट्टा रिकामा.

"तू सोड ना ते," मधुवंती म्हणाली.

"तू सोड आधी," तनुजा म्हणाली, आणि दोघी हसल्या. हसू थांबल्यावर मधुवंतीने डावा हात उचलला आणि मूठ मिटून मांडीवर ठेवला. त्यानंतरच्या खेपेला राणी निम्मी झाली. पण साडेसहा वाजले होते आणि तनुजाला निघायचं होतं.

"पुढच्या रविवारी?" मधुवंतीने विचारलं.

"पुढच्या रविवारी नणंदेकडे जायचंय. त्याच्या पुढच्या आठवड्यात माझी दुसरी शिफ्ट आहे, पण रविवार मोकळा मिळेल."

"म्हणजे पंधरा दिवस."

"हो."

मधुवंती लिफ्टपर्यंत आली. दार बंद होता होता म्हणाली, "मी एकटी नाही खेळणार तोपर्यंत."

त्या दोघी दिवाळीनंतर चार वेळा भेटल्या. चौथ्या वेळी खाडीची राणी पडली. त्या संध्याकाळी निघताना पुढच्या भेटीचा विषय कोणीच काढला नाही. तनुजा स्कूटर काढून नाशिक फाट्यापर्यंत आली, सिग्नलला थांबली, आणि मागच्या गाड्या हॉर्न द्यायला लागेपर्यंत तिथेच उभी राहिली. मग तिने स्कूटर कडेला घेतली आणि मधुवंतीला फोन लावला.

"काही राहिलं का?" मधुवंतीने विचारलं.

"नाही. रविवारी येऊ का, एवढंच विचारायचं होतं. नुसतीच."

"ये," मधुवंती म्हणाली. "दीक्षालाही आण."