गाठ मारलेली धाटे

मक्याला यंत्र लावायचे ठरले, तेव्हा ड्रायव्हरला सांगण्यासारखे सगळे तिने सांगितले होते. दाण्यातला ओलावा अठरा टक्क्यांवर आला आहे, पूर्वेचा कोपरा अरुंद आहे, कणसे थेट जाळीच्या कोठीत ओतायची. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही. ती या घरात इतकी मुरलेली होती, की ती कुणाला सांगावी लागते हेच तिच्या ध्यानात आले नाही.

वडील बियाण्यासाठी कणीस निवडत नसत, धाट निवडत. पीक हिरवे असतानाच ते रांगांतून फिरत, आणि वाऱ्याला न वाकलेले, कीड न लागलेले धाट दिसले की त्याच्या पानाची गाठ मारत. कापणीच्या आदल्या दिवशी तेवढी कणसे आधी खुडायची. "कणीस थापा मारतं," ते म्हणत. "धाट मारत नाही." प्रयोगशाळेत वीस वर्षे काढलेल्या मुलीकडे वडिलांच्या बहुतेक समजुतींवर उत्तर होते. हिच्यावर नव्हते, कारण ही बरोबर होती. यंदा दीडशे गाठी मारून झाल्या आणि आठवड्याभरात त्यांची उजवी बाजू लुळी पडली. आई जाऊन सहा वर्षे झाली होती. रजा टाकून आलेली ती आणि अंथरुणातले ते, एवढेच आता घर होते.

यंत्राचा आवाज आला तेव्हा ती वडिलांना आंघोळ घालत होती. त्यांना अर्धवट ओले टाकून जाता येईना. अंग पुसून, कपडे घालून, उशीला टेकवून ती शेतावर पोचली, तोवर काम उरकले होते.

"एक दिवस आधीच आलो, ताई. आभाळाचा भरवसा नाही," ड्रायव्हर म्हणाला. "बघा, कसं दाढी केल्यासारखं झालंय!"

"गाठी मारलेली धाटं होती."

"कसल्या गाठी?"

"पानांना."

"ताई, मी एवढ्या उंचावर बसतो. मध्ये हत्ती उभा असता तर थांबलो असतो. गाठीसाठी कोण थांबतो?"

यात त्याचे काही चुकले नव्हते.

कोठीत आठ-नऊ हजार कणसे होती. दीडशे त्यांतच होती, याबद्दल शंका नव्हती. ती कोणती, हे सांगणाऱ्या धाटांचा मात्र भुगा होऊन मातीवर पसरला होता. तिने काही मोठी कणसे उचलून पाहिली. मोठी आहेत, एवढेच कळले.

अरुंद कोपऱ्यात यंत्राला वळता आले नव्हते. तिथे एकोणीस धाटे उभी राहिली होती. त्यांतल्या तीन धाटांना गाठ होती. तीन रोपांवर वाण चालवला तर आपसातल्याच संकराने काही पिढ्यांत पीक खुजे होते, हे तिला पाठ होते. तरी तिने ती तीन कणसे खुडली.

बियाण्याची कणसे वडिलांच्या खोलीतल्या आडव्या वाशाला, त्यांच्या डोळ्यांसमोर टांगली जात. कोठीतून दीडशे मोठी कणसे आणून लटकवली असती, तर अंथरुणातून फरक कळला नसता. पाटी घेऊन ती कोठीच्या दारापर्यंत गेलीही. मग पाटी पालथी घालून परतली, स्टुलावर चढली आणि तीन कणसे टांगली.

"बाकीची?" वडिलांनी विचारले. अक्षरे जड पडत होती.

"यंत्रात गेली. ड्रायव्हरला सांगायचं राहिलं माझ्याकडून."

"तुझ्याकडून? तुला तर तुझा पहिला दात कधी पडला ते तारखेनिशी पाठ."

"सांगावं लागतं हेच सुचलं नाही, बाबा. मला तरी कुठे कधी कुणी सांगितलं होतं? मी आपली तुमच्या मागून फिरायची."

वडिलांनी वाशावरची कणसे डोळ्यांनीच मोजली.

"मीही तीनांवरच सुरुवात केली होती," ते म्हणाले.

आजोबांनी त्यांना पोतेभर बियाणे दिले होते. ते पोते पाठीवर घेऊन चार कोस चालल्याची हकिगत ती लहानपणापासून ऐकत आली होती. बियाण्याबाबत वडील खोटे बोलल्याचे तिच्या माहितीत हे पहिलेच उदाहरण. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. डावी बाजू हसत होती.

"हो का," ती म्हणाली. पुरावा मागितला नाही.

मग तिने स्टूल सरकवून तिन्ही कणसे एकमेकांपासून दूर दूर टांगली. तेवढ्याने वासा थोडा भरल्यासारखा दिसेल, असा तिचा अंदाज होता. तो चुकला.